परातीतली वीज

“सावली हीच माणसाच्या चेहऱ्याची खरी वैरीण आहे! ज्या दिवशी ती पुसली जाईल, त्या दिवशी या तालुक्यातला म्हाताऱ्यातला म्हातारा माणूस उजेडात येईल!”

भोकरच्या बसस्टँडमागं फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या आनंदराजनं हे उद्गार काढले, तेव्हा तो लाकडी पाटावर उभा होता. पायांत रबरी चप्पल, उजव्या हातात बायकोचा भांडी घासायचा गुलाबी हातमोजा, आणि डावा हात पँटच्या खिशात. समोर टेबलावर मधोमध भोक पाडलेली स्टीलची परात. इतिहास घडवणारी माणसं सहसा अशा पोशाखात नसतात.

“कुणाला सांगून राहिलात?” आतून ज्योत्स्नानं विचारलं. “परातीला?”

आनंदराज बायकोकडं न बघता पाटावर आणखी ताठ झाला. परातीसमोर असताना तो श्वाससुद्धा जपून घेत असे.

या परातीमागचं कारण म्हणजे रुमाल. इकडचा म्हातारा माणूस फोटोला बसतो तो डोक्याला रुमाल गुंडाळून. घरात उघड्या डोक्यानं हिंडेल, पण फोटोत नाही. वरून दिव्याचा झोत टाकला की रुमालाची सावली थेट नाकापर्यंत उतरते आणि डोळ्यांच्या जागी दोन कोरड्या विहिरी येतात. म्हातारा असेपर्यंत कुणाची तक्रार नसते. तो गेला, फोटो मोठा होऊन भिंतीवर चढला, हार पडला, की घरचे स्टुडिओत हजर. “आमच्या आबाचे डोळे कुठं गेले?”

उपाय मोबाइलवरच्या व्हिडिओत सापडला. उजेड वरून नको, बाजूनं नको. कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती गोल कडं करून तिथून टाकायचा. मग सावली चेहऱ्यामागं जाऊन लपते आणि दोन्ही बुबुळांत चंद्राला खळं पडावं तसं गोल उमटतं. याला म्हणतात रिंग फ्लॅश. नांदेडच्या दुकानदारानं हे नाव ऐकून रिंग लाइट पुढं केला, पोरी रील करायला वापरतात तो. त्याचा उजेड आनंदराजला मिळमिळीत वाटला. त्याला लख्ख पाहिजे होता, क्षणाचाच, पण आभाळातून पडल्यासारखा. मग घरीच करायचं ठरलं. चार मेलेल्या फ्लॅशगनांतल्या नळ्या काढून त्यानं परातीत गोल बसवल्या, तारांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, तोंडाला बटरपेपर ताणला, भोकातून कॅमेऱ्याचं भिंग काढलं आणि धरायला मूठ म्हणून एक लाटणं ठोकलं. इथपर्यंत सगळं घरातलंच होतं, कुणी घाबरण्याचं कारण नव्हतं.

घाबरण्याचं कारण परातीच्या पाठीवरच्या डब्यात होतं. जुन्या स्टुडिओ फ्लॅशमधला, पाण्याच्या पेल्याएवढा कॅपॅसिटर. तो वीज पीत राहतो, पोटात साठवतो आणि एका दमात ओकतो.

लातूरच्या वीरभद्रनं चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले होते आणि त्याच्या उजव्या अंगठ्याला आता गरम-थंड कळत नव्हतं. त्यानं फोनवर बजावलं होतं, “आनंदा, स्विच बंद झाला म्हंजे वीज मेली समजू नको. ती आत बसून वाट बघत असती. अन् एकच हात लावायचा, दुसरा खिशात. दोन्ही हात लागले की ती एका हातातून शिरती आन् दुसऱ्यातून निघती. वाटेत काळीज लागतं तिला.”

“मंग?”

“मंग काय? मंग फोटो तुझाच लागंल.”

आनंदराजनं हे चेष्टेवारी नेलं. मग एका दुपारी तो प्लग काढून चहाला गेला, तासाभरानं परत आला आणि डब्यात स्क्रूड्रायव्हर घातला. फाट्! शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं शटर अर्धं खाली ओढलं. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाचा उंदरानं कुरतडल्यासारखा लचका गेला होता. त्या दिवशी आनंदराजचा डावा हात जो खिशात गेला, तो बाजारात, दाढी करताना, लोकांच्या मयतीतसुद्धा बाहेर निघेना. फोटोवाल्याच्या हातावरून वारं गेलं, अशी गावात बोलवा झाली.

तरीही परात पुरी झाली. ती आजवर एकदाच, कॅमेऱ्याशिवाय, एका भोपळ्यावर उडवली होती. भोपळा वाचला होता.

पाटावरच्या त्या भाषणाला तासही झाला नसेल, तोच स्टुडिओत सटवाजी आले. उमरीकडच्या एका खेड्यातले, ऐंशीला टेकलेले शेतकरी. डोक्याला परीटघडीचा पांढरा रुमाल. सोबत सून शिवकन्या.

“फोटूवाले, मी गेल्यावर लावायचा फोटू काढायचाय,” सटवाजी स्टुलावर बसत म्हणाले. “आत्ताच काढून ठेवायचा.”

“असं का बोलता, अण्णा?”

“थोरला भाऊ गेला, तवा घरात एक फोटू सापडला न्हाई. मंग लग्नाच्या घोळक्यातून त्याचं मुंडकं कापून आणलं. चौकात बॅनर लागला. खांद्यावर हात कुणाचा हाय म्हनून मानसं इचारून राहिली. कुणालाच ठावं न्हाई. श्रद्धांजली त्या हाताला बी मिळाली.”

“अन् तोंडात लाडू होता,” शिवकन्या म्हणाली. “अर्धा.”

“म्हनून म्हनलं, आपलं आपण करून ठेवावं. डोळे दिसले पाहिजेत बघ. धाकटा नातू अजून रांगून राहिलाय. उद्या त्यानं भिंतीकडं बघून मला वळखलं पाहिजे.”

आनंदराजनं आधी नेहमीच्या दिव्यावर फोटो काढून बघितला. दोन विहिरी. “रुमाल जरा मागं सारता का, अण्णा?”

“मागं सारला तर लोक म्हनतील, म्हातारा पिऊन बसला व्हता.”

मग परातीला पर्याय उरला नाही. आनंदराजनं एका हातानं प्लग लावला. कुईंऽऽऽ असा बारीक आवाज सुरू झाला. कानापाशी आलेल्या डासासारखा तो चढत गेला. डब्यावरचा तांबडा दिवा लुकलुकला, मग स्थिर झाला. पोट भरलं होतं.

शिवकन्यानं मोबाइलवरून नजर काढली. “दादा, ह्याच्यानं मामांच्या मशिनीला काही होत न्हाई नं?”

“कोणती मशीन?”

“छातीतली. दिवाळीत लातूरला बसवली. काळीज मधूनच थांबून राहिलं होतं, आता ती मशीन ढकलती त्याला.” तिनं पर्समधून एक कार्ड काढून दिलं. चुंबक, वेल्डिंग, मोठा वीजदाब यांपासून दूर राहावे.

आनंदराजच्या तळपायापासून गार मुंग्या निघाल्या त्या टाळूला जाऊन थांबल्या. एका बाजूला म्हाताऱ्याच्या छातीत एवढीशी वीज, जिवाला टेकू देऊन उभी. दुसऱ्या बाजूला परातीत तिची थोरली बहीण, दबा धरून. आणि मध्ये सायकलची ट्यूब. तीही दोनदा पंक्चर झालेली. मागच्या काळोख्या खोलीत तो फोन करायला गेला, तेव्हा त्याच्या बोटाला नंबर सापडेना.

“वीरभद्रअण्णा, छातीत मशीन असलेल्या मानसावर फ्लॅश मारला तर चालतं का?”

“मला टीव्हीचं इचार. मानूस मी कधी उघडला न्हाई.”

“अंदाजानं सांगा की!”

“नुसत्या उजेडानं काही व्हत न्हाई, माझ्या मतं. आतली तार परातीला टेकली आसंल तर मात्र...”

“तर?”

“रेंज जाऊन राहिली बघ,” म्हणून वीरभद्रनं फोन ठेवला. रेंज चांगली होती.

आनंदराज परत आला. “अण्णा, आज लाइन कमी-जास्त होऊन राहिली. दुसऱ्या कोणत्या दिवशी...”

“दुसरा दिवस माझ्याकडं हाय का न्हाई, तुला कसं ठाऊक?” सटवाजींनी पाय घट्ट रोवले. “डॉक्टर म्हनला, मिक्सरजवळ जाऊ नका. म्हनलं साहेब, ऐंशी वर्सांत कधी गेलो न्हाई. तू भिऊन राहिलास का रं?”

“न्हाई,” आनंदराज म्हणाला. त्याचा आवाज परातीच्या कुईंला जुळला होता.

“मंग काढ. मला मरायचं भ्याव न्हाई. डोळे मिटलेले येतील, त्याचं हाय.”

स्टूल भिंतीपर्यंत मागं सरकवलं. आनंदराजही जमेल तेवढा मागं गेला. आणि तिथं त्याच्या ध्यानात आलं की कॅमेरा धरायला एक हात लागतो आणि परातीचं लाटणं धरायला दुसरा. काळजाची वाट उघडल्याशिवाय हा फोटो निघणार नव्हता.

कितीतरी दिवसांनी डावा हात खिशातून बाहेर आला. पांढरा पडला होता बिचारा. हातमोजा एकच, म्हणून त्याला कॅरीबॅग घातली आणि मनगटाशी रबर लावलं.

“आमच्याकडं म्हशीचं बाळंतपण करताना असंच घालतेत,” शिवकन्या म्हणाली.

“अण्णा, मी सांगेपर्यंत अजाबात हलायचं न्हाई. पापणी बी न्हाई.”

“हाव.”

भिंगातून ते डोळे दिसले. पिंगट, कडेला राखाडी झाक आलेले, सरळ त्याच्याकडं बघणारे. घामानं कॅरीबॅग आतून ओली झाली होती, आणि ओल्या हाताबद्दल वीरभद्र काय म्हणाला होता ते आठवायची त्याची हिंमत नव्हती. त्यानं मनातल्या मनात बुद्धाचं त्रिसरण म्हणायला घेतलं. दुसऱ्या ओळीलाच बोट दाबलं गेलं.

फाट्!

सगळं पांढरं झालं, मग सगळं काळं. मेनस्विच पडला होता. पंखा करकरत थांबला. रबर जळल्याचा वास सुटला. आनंदराज खाली बसला होता, कधी ते त्याला कळलं नव्हतं. त्यानं कॅरीबॅगमधली बोटं मोजली. पाच होती. छातीवर हात ठेवला. आत धावपळ चालू होती.

मग त्यानं वर पाहिलं. दाराच्या पडद्याच्या फटीतून उजेडाची एक पट्टी स्टुलावर पडली होती. सटवाजी ताठ बसले होते. डोळे सताड उघडे. हालचाल नाही.

“मामा?” शिवकन्या उठली. “ओ मामा!”

ती दोन पावलं पुढं येऊन थांबली.

आनंदराजनं जाऊन नाडी बघावी, तर समोरचा माणूस आता साधा माणूस होता की भरलेला, कोण सांगणार? हात पुढं जाईना. मांडीवरच्या कॅमेऱ्याचा पडदा तेवढा उजळला होता. त्यात सटवाजींचा चेहरा होता. सावली कुठंच नव्हती. रुमालाची घडी न् घडी, कपाळाची रेघ न् रेघ, आणि दोन्ही बुबुळांत एकेक लख्ख कडं. मिश्कील, ओलसर, आता बोलतील असे डोळे. एवढा जिवंत माणूस आनंदराजनं जन्मात टिपला नव्हता. आणि समोर स्टुलावर...

“अण्णा,” तो रडवेल्या आवाजात म्हणाला. गुडघ्यांवरच सरपटत तो स्टुलाजवळ गेला आणि हातभर अंतरावर थांबला. “अण्णा, माफ करा मला.”

सटवाजींची पापणी लवली नाही. फक्त मिशीखालचे ओठ किंचित, अगदी किंचित, बाजूला सरकले.

“झालं का रं?” ते दात न उघडता म्हणाले. “झालं आसंल तर जरा सदऱ्यात हात घाल. पाठीला मुंगी चावून राहिली. तेवढी काढ.”