राजेशकाकांची जाड केबल

मित्रांनो, एका आरव्हीच्या पलंगाखाली राहणारा मी एक जुना कन्व्हर्टर आहे. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. बाहेरच्या प्लगमधून येणारी दांडगी वीज मी बारा व्होल्टवर आणतो, तिच्यावर दिवे आणि पंप चालवतो, बॅटरी भरतो. दिवा लागला की सगळे दिव्याकडे बघतात, पलंगाखाली कोण वाकून बघणार?

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. आठवतं ते ॲरिझोनातल्या चँडलरच्या राजेशकाकांनी आणि शैलजाकाकूंनी ही गाडी घेतली तेव्हापासूनचं. त्यांची लेक आन्या माझ्या डोक्यावर उड्या मारायची. काकू पोहे करायच्या, आणि माझा पंखा घुं घुं करू लागला की म्हणायच्या, "अहो, हा बिचारा दमला वाटतं." माझी विचारपूस एवढीच व्हायची, पण मला ती पुरायची.

पुढे आन्या नोकरीसाठी मिशिगनमधल्या ट्रॉयला गेली. काकू आजारी पडल्या आणि गेल्या. गाडीवर ताडपत्री चढली. ॲरिझोनाचे उन्हाळे मी अंधारात भाजत काढले. इतकं एकटं वाटायचं की एखादा उंदीर आला तरी चालेल असं वाटे. उंदीर वायरी कुरतडतो हे ठाऊक असूनही.

घरात काकाही एकटेच होते. आन्या फोनवर विचारायची, "बाबा, कधी येतोयस?" काका म्हणायचे, "बघू." शेवटी एकदाची त्यांनी ताडपत्री काढली. लेकीकडे जायचं ठरलं, पण राहायचं गाडीतच. तिच्या घरात आपली अडगळ नको, हा हट्ट. तिच्या घरची वीजसुद्धा नको, म्हणून मोठाल्या बॅटऱ्या आणल्या आणि त्या मला जोडायला अंगठ्याएवढी जाड केबल. मुलांचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात ना, तोच हिशेब. काका चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते, पण मोठंच घ्यायची सवय जाते कुठे?

वायर जिथे जोडतात त्या माझ्या टर्मिनलचं भोक जेमतेम पेन्सिल जाईल एवढं. केबल काही शिरेना. मग काकांनी केबलच्या निम्म्या तांब्याच्या तारा छाटल्या, उरलेल्या स्क्रूखाली कोंबल्या आणि प्लग लावला. थोड्याच वेळात मी तापलो, जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. मला वाटलं, संपलं आपलं. काकांनी घाईने प्लग काढला. मग त्यांनी आन्याला व्हिडिओ कॉल लावला.

ती गाड्यांच्या वायरिंगचंच काम करते. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, स्ट्रँड्स का कट केलेस? सगळा करंट थोड्याशा तारांवर आला, म्हणून हीट झालं. त्याला त्याच्या साइजची शॉर्ट वायर लाव. मधे एक कॉपरची पट्टी बसव, आणि तिथून ही फॅट केबल बॅटरीकडे. फ्यूज विसरू नकोस. पण एवढी जाड केबल कशाला?"

"तुझ्या घरची वीज घ्यायला नको म्हणून."



"माझा एक प्लगसुद्धा नकोय तुला?" आन्या हळूच म्हणाली. "बाबा, तुझी रूम मी लास्ट इयरच रेडी केलीय."

काकांनी चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी मापाची वायर आली, तिने सांगितलं तशी जोडणी झाली आणि माझा पंखा गार वारा सोडत फिरू लागला.

आता गाडी ट्रॉयला आन्याच्या ड्राइव्हवेवर उभी आहे. पोचलो त्या संध्याकाळी काकांनी गाडीतच अंथरूण घातलं होतं. आन्या आली, त्यांची उशी उचलली आणि घरात निघून गेली. काका तिच्या मागे गेले. तिच्या गॅरेजमधून एक वायर माझ्यापर्यंत येते. बॅटऱ्या भरलेल्या आहेत, पण दिवा लावायला कुणी येत नाही. घरातून बोलण्याचे आवाज येतात. मला वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू?

मित्रांनो, माझ्यासारख्यांचे स्क्रू अधूनमधून आवळा, धूळ झटका, वायर मापाची लावा. आणि आपल्या माणसाच्या घरी गेलात, तर तिथला प्लग खुशाल वापरा. गाडीत एकटं राहायला मी आहे.