खरी वाक्यं

गोपाळकृष्ण सरांच्या इंग्रजीच्या वर्गात काल्पनिक माणसांना प्रवेश नव्हता. "पाऊस पडला तर रामू छत्री घेईल, एवढं शिकायला आपण रविवारची झोप मोडून आलात?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं. "रामूचं काय व्हायचं ते होऊ दे. स्वतःचं बोला, खरं बोला. खोट्याने जीभ वळत नाही." आणि त्यांनी जोड्या लावून दिल्या. सर हात मागे बांधून बाकांमधून फिरायचे आणि कुणाचं चुकलं तरच तोंड उघडायचे. बरोबर आलं तर नुसते पुढे सरकायचे. तोंडावर शाबासकी दिली की माणूस शेफारतो, असं त्यांचं म्हणणं. पुण्यात उभं आयुष्य काढलेला माणूस, दुसरं काय म्हणणार!

द्वारकाची जोडी कल्याणीशी. दोघी वारज्याच्या, दोघी बाणेरच्या एकाच कंपनीत साफसफाईला, कंत्राटावर. आणि दोघींचा डोळा एकाच खुर्चीवर! रिसेप्शनला जागा निघाली होती. आतलीच बाई घेऊ, पण इंग्रजी यायला हवं, म्हणून कंपनीनेच दोघींना सरांकडे धाडलं होतं.

द्वारकाला ती खुर्ची मिरवायला नको होती. रिसेप्शनच्या बाईला कंपनीचा विमा लागू व्हायचा, लेकरासकट. तिच्या श्रद्धाला फिट यायची. नवरा गाडी घेऊन महिना महिना बाहेर, गावची माणसं तिकडे वाशीमला, आणि पोरीच्या तपासण्या नुसत्या पुढे ढकलणं चाललेलं. ऑफिसात मात्र तिने यातलं अक्षरही काढलं नव्हतं. घरी असलं लेकरू आहे म्हटल्यावर कोण बसवतंय खुर्चीत?

पण वर्गात खरं बोलायचं होतं ना. एका रविवारी ती कल्याणीच्या कानाशी वाकली. "इफ श्रद्धा गेट्स अ फिट, आय विल लीव्ह एव्हरीथिंग अँड रन होम." श्रद्धाला फिट आली तर सगळं टाकून घरी पळेन. एवढं लांब वाक्य कुठेही न अडखळता आलं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

कल्याणीने तिचा हात दाबला आणि आपलं वाक्य दिलं. "इफ आय टेल ऑफिस, दे विल रिमूव्ह मी." सांगितलं तर काढतील. नऊ वर्षं डॉक्टर, नवस, सगळं करून तिला दिवस गेले होते. तिसरा महिना. "तुलाच सांगतेय हं ताई. सासूलासुद्धा अजून पत्ता नाही." सर त्यांच्या मागून गेले, काही बोलले नाहीत.

मुलाखतीला कल्याणी आधी गेली. हसत बाहेर आली. "सोप्पं आहे गं ताई, घाबरू नको."

आत मुलाखत घ्यायला शेफाली मॅडम होत्या. नाव, गाव, कंपनीत किती वर्षं, सगळं नीट झालं. मग मॅडम पुढे झुकल्या. "इफ युवर डॉटर गेट्स अ फिट, व्हॉट विल यू डू?"

द्वारकाला कळेना, हे यांना कुणी सांगितलं. अख्ख्या पुण्यात तिने हे एकाच बाईला सांगितलं होतं. आणि ती सटवी आत्ता हसत बाहेर गेली! वर म्हणते, घाबरू नको! हात काय दाबला होता मेलीने!

"माय नेबर विल गो, मॅडम," द्वारका म्हणाली. "आय विल नॉट लीव्ह द डेस्क." शेजारीण जाईल, मी खुर्ची सोडणार नाही. पोटच्या पोरीबद्दलचं एवढं मोठं खोटं इंग्रजीत किती सहज निघालं! मग ती मराठीवर आली. "आणि माझं घरचं विचारलंत तर कल्याणीचंही विचारा. तिसरा महिना चालू आहे तिला. बसवाल खुर्चीत आणि चार महिन्यांनी दुसरी शोधाल."

"अस्सं?" मॅडम मागे टेकल्या. "बरं झालं सांगितलंस."

द्वारकाला बरं वाटलं. उगाच खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं. जिने केसाने गळा कापला, तिचा आपणही कापला, यात कसलं आलंय पाप!

खुर्ची द्वारकाला मिळाली. कल्याणीला कंत्राटदाराने कामात हयगय म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशीपासून येऊ नको म्हटलं.

रविवारी द्वारका पेढे घेऊन वर्गात लवकर गेली. सरांनी एक उचलला. "म्हणजे माझ्या शिफारशीचा उपयोग झाला म्हणायचा."

"कसली शिफारस, सर?"

"तुमच्या मॅडमचा फोन आला होता, मुलाखतीच्या आदल्या दिवशी. दोघींत बरी कोण, म्हणाल्या. मी सांगितलं, द्वारकाबाई. ते मुलीच्या फिटचं वाक्य ऐका म्हटलं त्यांचं. मुद्दाम विचारा. इतकं स्वच्छ वाक्य या वर्गात दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही."

द्वारकाच्या हातातला पुडा हातातच राहिला. "तुम्ही सांगितलंत?"

"कौतुक केलं, बाई. आता डोक्यात हवा जाऊ देऊ नका."

तेवढ्यात कल्याणी आली. महिनाअखेरपर्यंतचे वर्ग कंपनीने आधीच ठरवलेले होते, त्यामुळे तिला कुणी अडवलं नाही. डोळे सुजलेले, पायात घरातल्याच चपला. ती नेहमीसारखी द्वारकाला खेटून बसली. "तिथे तूच एक माझी आहेस ताई," ती म्हणाली. "हयगय नुसतं निमित्त, दवाखान्यात पाहून कुणा बाईनेच सांगितलं असणार. ऑफिसात कान उघडे ठेव. कुणी सांगितलं ते कळेल कधीतरी."

सरांनी फळा पुसला. आज 'इफ'चा दुसरा प्रकार. जे नाही, जे होण्यातलं नाही, ते आहे असं धरून बोला. नियम तोच, खरं बोला.

कल्याणी जुळवत जुळवत म्हणाली, "इफ आय न्यू हर नेम, आय वुड ओन्ली आस्क, व्हाय." तिचं नाव ठाऊक असतं तर फक्त विचारलं असतं, का?

सर मागे येऊन उभे राहिले. "द्वारकाबाई, उत्तर द्या."

आत्ता बोलली असती तर खुर्ची गेली असती, तिच्याबरोबर विमा आणि श्रद्धाच्या तपासण्या. द्वारका कल्याणीकडे वळली. "इफ आय वेअर यू, आय वुड फर्गेट." तुझ्या जागी मी असते तर विसरून गेले असते.

कल्याणीचे डोळे भरून आले. तिने द्वारकाचा हात घट्ट धरला आणि ते वाक्य तिच्या मागोमाग सावकाश म्हटलं, चुकू नये म्हणून.