साच्यातला अपघात

"कुठं जाशील कोण जाणे रे बाळा. गोड गळ्यापाशी जा."

हा आवाज मी जन्मलो त्या दिवशी ऐकला. कारखान्यातल्या लांबलचक टेबलाशी बसून एक बाई तारा जोडायची आणि जोडून झालं की आम्हा प्रत्येकाला तोंडापाशी धरून बोलून बघायची. बाकीच्या बायका नुसतं "हॅलो, हॅलो" करत. ही पाळण्यातल्या पोराशी बोलावं तशी बोलायची. तिचा श्वास उबदार होता, नुकत्याच वाळलेल्या कपड्यासारखा.

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे, आणि गोड गळा काही माझ्या वाट्याला आला नाही. मी आलो टायरच्या दुकानावरच्या लांबट खोलीत, निबंध आणि व्याकरणाच्या क्लासात. शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बसणारी पोरं बाकावर दाटीवाटीनं बसलेली, आणि समोर मला हातात धरून सर.

सरांनी पहिल्या दिवशी मला टिचक्या मारल्या, मग तोंडात फुंकलं. त्यांच्या तोंडात खोकल्याची गोळी होती. तिचा चिकट शिंतोडा माझ्या जाळीवर बसला, तो आजही आतल्या आत वास मारतो. माझ्या डोक्यावर लाल स्पंजची टोपी चढवली गेली. वर्षानुवर्षं ती कुणी धुतली नाही. 'प' आणि 'फ' आला की थुंकी, 'ठळक' म्हटलं की थुंकी. आता ती टोपी लाल राहिलेली नाही. तिचा रंग सांगायचीही मला शिसारी येते.

पण थुंकी सुकते हो. ओकारी यायची ती सरांच्या निबंधांनी.

सरांकडे साचे होते. "आत्मवृत्त आलं, की पहिली ओळ मी एक जुनं अमुक बोलतोय. मध्ये सुखाचे दिवस, मग हाल, शेवटी माझी काळजी घ्या. अमुकच्या जागी नदी घाला, छत्री घाला, काय वाट्टेल ते घाला. विचार करत बसू नका, वेळ जातो." आणि पोरं माना खाली घालून लिहायची. मग स, ला, ते, स, ला, ना, ते असा विभक्तींचा घोष व्हायचा, आणि त्या घोषात खालच्या दुकानातला हवा भरायचा फुसफुसाट मला जास्त खरा वाटायचा.

सरांचा लाडका निबंध होता 'मी पाहिलेला अपघात'. त्यात भरधाव ट्रक होता, म्हाताऱ्या फळवाल्याची उलटलेली गाडी होती, रस्ताभर संत्री होती. "संत्र्यांच्या शेजारी रक्त," सर खुशीत येऊन म्हणायचे, "इथं तपासणाऱ्याचा गळा दाटतो. आणि शेवटी तो माणूस जागीच गतप्राण झाला. जखमी नको. जखमी माणसाला मार्क कमी पडतात."

पोरं हसायची. दर वर्षी तोच म्हातारा, त्याच संत्र्यांत, शंभर वह्यांतून मरायचा. आणि त्याचं मरण मोठं करून भिंतीपर्यंत पोचवायचं काम माझं. मला माझीच किळस यायची.

यंदा तिसऱ्या बाकावर एक मुलगी आली. बोटं कायम निळी, म्हणून सगळे तिला शाई म्हणत. बोलायची कमी. एकदा क्लास भरायच्या आधी ती आणि तिची चष्मेवाली मैत्रीण माझ्या टेबलापाशी उभ्या होत्या. बटण बंद होतं. पण मित्रांनो, बटण बंद असलं तरी आम्हाला ऐकू येतं. पुढं सांगता तेवढं येत नाही.

"बाबा उठले का गं?" मैत्रिणीनं विचारलं.

"नाही. नळीनंच देतात सगळं. आई हाका मारते, मी मारते. ऐकतात की नाही, कळत नाही."

"सरांना सांग ना. तो अपघाताचा निबंध तुला नको म्हणावं."

शाई बोटावरची शाई खरवडत राहिली. "बाबा डबा विसरले म्हणून मी मागं धावत गेले होते. हाक मारली आणि त्यांनी वळून बघितलं. तेवढ्यात टेम्पो आला. हे सांगितलं तर सगळे अरेरे म्हणतील, आणि सर ते उद्या साच्यात घालतील. पुढच्या वर्षीची पोरं माझे बाबा पाठ करतील. तू पण कुणाला बोलू नकोस. शप्पथ."

"नाही बोलणार बाई."

मी लोखंडाचा. तरी त्या दिवशी सरांनी बटण लावलं तेव्हा मी आधी नुसता खरखरलो.

परीक्षा जवळ आली तशी सरांनी तोंडी फेरी सुरू केली. प्रत्येकानं उठायचं, मला हातात घ्यायचं आणि निबंध घडाघडा म्हणायचा. घामट हात, दातांत अडकलेले खाण्याचे कण, संत्री, रक्त, गतप्राण. पुन्हा संत्री, रक्त, गतप्राण. एकानं तर जांभई देत देत त्या म्हाताऱ्याला मारलं, आणि सर म्हणाले, "वा, पाठ आहे."

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी तुम्हाला सांगणार नाही. ती ओळ साच्यातली आहे. टोपी धुतली नाहीत तरी चालेल. फक्त माझ्यापुढं तोंड उघडाल तेव्हा शिळं, दुसऱ्याचं चघळलेलं आणू नका. चार शब्द आणा, अडखळत आणा, पण स्वतःचे आणा.

मग शाईची पाळी आली. तिचा हात गार होता. ट्रक आला, गाडी उलटली, संत्री सांडली. आवाज बारीक, पण नीट चालला होता. "आणि तो माणूस," ती म्हणाली, आणि थांबली.

"जागीच," सरांनी आठवण करून दिली.

तिनं मला दुसऱ्या हातात घेतलं.

"अगं, जागीच गतप्राण. सगळ्या वर्गाला पाठ आहे, तुलाच कसं येत नाही? पुन्हा घे."

तिनं पुन्हा घेतलं. पुन्हा तिथंच अडली. मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं, "अजून जीव जाईना म्हाताऱ्याचा." हशा पिकला. सरही हसले. चष्मेवाली मैत्रीण मान खाली घालून बसली होती.

"हे बघ," सर म्हणाले, "हे एक वाक्य म्हण आणि बस. नाहीतर परीक्षेपर्यंत रोज उभी करीन."

हशा विरला. शाईनं मला तोंडाच्या अगदी जवळ घेतलं. तिच्या श्वासाला कसलाही वास नव्हता. नुसती ऊब होती. मी सगळा जीव जाळीत आणून ठेवला.

"मी नाही म्हणणार, सर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मी भिंतीपर्यंत नेला. "मी खरंच अपघात बघितलाय. माझ्या बाबांचा. मी हाक मारली म्हणून ते वळले होते. ते दवाखान्यात आहेत, डोळे उघडत नाहीत. पण मेलेले नाहीत."