सतरावा बिंदू

तिने सतरावा बिंदू पुसला आणि माऊस टेबलावर असा आपटला, की शेजारच्या खुर्चीवरचे काका दचकले.

"काका, इथं रेषेला ना कोपरा, ना खाच. मग तुमचा सतरावा दर वेळी माझ्यापेक्षा खाली कसा?"

"हाडच तसं आहे, पोरी."

एक्स-रे काढण्यात हयात घालवून निवृत्त झालेला माणूस. तिच्या मार्गदर्शक सरांनी कंत्राटावर आणलेला. खुब्याच्या हाडांच्या दोनशे आकृत्या, निम्म्या तिच्या, निम्म्या त्यांच्या. प्रत्येकीच्या कडेवर चाळीस बिंदू, आणि एका हाडावर सतरावा जिथे, तिथेच तो बाकीच्या सगळ्यांवर हवा. तरच संगणक सरासरी हाड काढणार आणि त्यावर तिचा प्रबंध उभा राहणार. सध्या संगणक केळ्यासारखं काहीतरी काढत होता, आणि ती अगदी रडकुंडीला आली होती. काकांचे शंभर काढून टाका, असं तिने सोमवारीच सरांना सांगितलं होतं. सर म्हणाले, आधी दोघांनी आपापली वीस हाडं पुन्हा करा, मग ठरवू. काकांचं कंत्राटही त्यावरच ठरणार होतं.

तिने शेवटचा बिंदू टाकला आणि निकाल पडद्यावर आला. काकांचे बिंदू जुन्या जागांवर, फरक केसभर. तिचे मात्र वाट फुटेल तिकडे घरंगळलेले. नाचता येईना, अंगण वाकडं! तिने आकडे दोनदा तपासले.

"तुम्ही अंतर कसं मोजता?" तिने हळूच विचारलं.

"मोजत नाही. आत स्नायू जिथं चिकटतो, तिथं ठेवतो."

ती आजवर नुसती रेष सारख्या अंतरांत वाटत आली होती.

तेवढ्यात सर दारात आले. "झालं? काकांचेच काढून टाकायचे ना?"

"माझेच काढा," काका चटकन म्हणाले. "डोळे आता पूर्वीसारखे नाहीत."

तिने आता नुसतं गप्प राहिलं, तरी भागत होतं. तिची कानशिलं तापली.

"नाही सर. माझे काढायचे. शंभरही मी पुन्हा करते."

"म्हणजे प्रबंधाची महिनाअखेरची मुदत गेली."

"गेली."

सर मान हलवत निघून गेले. ती काकांवरच उखडली.

"निकाल तर तुम्हीही पाहिलात. मग खोटं कशाला बोललात?"

"मुदत तुझी होती, पोरी. मला काय, घरीच बसायचंय."

तिने आपलं पहिलं हाड उघडलं आणि माऊस त्यांच्याकडे सरकवला.