थोरलीची मेणवेल

जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. धाकटीच्या दारात बायका, पुरुष, पोरं अशी दाटी झाली होती आणि सगळ्यांच्या माना खिडकीतल्या कुंडीकडे वळल्या होत्या. वेलीवर गुलाबी फुलांचे झुबके लोंबत होते आणि त्यांतून मधासारखे थेंब टपकत होते. वेलीवरून माणसाचं मन सांगणारा म्हणून गाजलेला वेलबाबा ते थेंब चमच्यात धरून लोकांच्या तळहातावर सोडत होता. लोक ते चाटून डोळे मिटत होते.

समोरच्या दारात गळ्यात मोजपट्टी अडकवून थोरली उभी होती. ती धाकटीची जाऊ, घरीच शिवणकाम करणारी. तिला कुणी थेंब दिला नाही, आणि तिनं मेली तरी मागितला नसता.

दोघींच्या वेली एकाच वेलीच्या फांद्या. मेणवेल म्हणतात तिला, कारण फुलं मेणाची केल्यासारखी दिसतात. मूळची उष्ण रानातली, पण उजेडाची खिडकी मिळाली की घरातही खुशाल वाढते. सासूबाईंनी दोघींना एकेक फांदी दिली आणि भांडण नको म्हणून कुंड्याही एकसारख्या आणल्या. थोरलीच्या वेलीनं एकदाच एक झुबका दिला आणि मग जी रुसली ती रुसलीच. थोरली रोज पानं पुसायची. वाळलेलं काही लोंबताना दिसलं की शिवणाच्या कात्रीनं साफ करायची, कपड्यावर सुटा दोरा राहू देत नाही तशी. धाकटी कुंडीकडे ढुंकूनही बघायची नाही, आठवलं तर पेल्यातलं उरलेलं पाणी ओतायची, आणि तिची वेल लगडायची. थोरलीच्या पोटात दुखायचं. उगीच सभ्यपणा कशाला, चांगलंच दुखायचं.

वेलबाबा मागच्या खेपेला धाकटीच्या कुंडीपुढे बसला होता. डोळे मिटून त्यानं पानांखाली बोटं फिरवली होती आणि या घरी लवकरच फुलेल असं सांगून गेला होता. आता फुललं, म्हणून ही जत्रा.

"वेल म्हणजे आरसा आहे, माई," तो धाकटीला सांगत होता. "विश्वाच्या लहरी पानातून आत जातात आणि देठातून मन बोलतं. जिथं मत्सर, तिथं कळी नाही."

देठातून मन कसं बोलतं ते कुणी विचारलं नाही. सगळे त्याच्यामागून थोरलीच्या घरात शिरले. बाबानं तिच्या वेलीखाली बोटं फिरवली, चटका बसल्यासारखा हात झटकला आणि भर माणसांत म्हणाला, "इथं कुणीतरी जळतंय."

खोटं असतं तर थोरलीनं त्याला जिन्यावरून खाली पोचवलं असतं. पण ते खरं होतं. तिनं मान खाली घातली आणि लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी धाकटी आपल्या भाचीच्या लग्नाचं कापड परत घेऊन गेली. तिचं बघून बाकीच्या बायकाही आपापली कापडं न्यायला आल्या. जळक्या हाताचं शिवण नवरीच्या अंगाला नको, असं म्हणे बाबा म्हणाला होता. रिकाम्या मशीनपुढे बसून थोरलीला वाटू लागलं, खरंच आपल्या मनात विष आहे, आणि ते आता हातात उतरलंय.

अशात नणंद राहायला आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि तिच्या जिभेला धार होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"वहिनी, बाबा आधी बोलतो की आधी चाचपतो?"

"आधी चाचपतो, वन्सं."

"मग चला, आपणही चाचपू."

धाकटीच्या वेलीची फुलं एव्हाना गळून गेली होती. लांबून दोन्ही वेली सारख्याच दिसत होत्या. बाबा पुन्हा आला तेव्हा धाकटी त्याला घ्यायला खाली गेली, आणि तेवढ्यात नणंदेनं दोन्ही कुंड्यांची अदलाबदल करायला लावली. धाकटीची कुंडी छातीशी धरून उंबरा ओलांडताना थोरलीला वाटलं, ही परत देऊच नये.

बाबा लोकांसह आधी थोरलीकडे आला. पानांखाली बोटं गेली आणि त्याचा चेहरा उजळला.

"माई, पश्चात्तापानं मन धुऊन निघालं. या घरी फुलेल."

त्या क्षणी थोरली जेवढी जळत होती तेवढी जन्मात जळली नसेल.

मग तो धाकटीकडे गेला. तिथं त्यानं बोटं फिरवली, पुन्हा फिरवली, आणि हात झटकला. "इथं कुणीतरी जळतंय."

"मी?" धाकटी कशीबशी म्हणाली. "मी कुणावर जळू?" तिनं सगळ्यांकडे बघितलं. कुणीच तिच्या बाजूनं बोललं नाही.

नणंद पुढे झाली. कुंड्या आपण बदलल्याचं तिनं सांगितलं, थोरलीच्या घरात ठेवलेली धाकटीची कुंडी आणून सगळ्यांसमोर ठेवली आणि पान उलटून दाखवलं. खाली एक बोडका देठ होता आणि त्याच्या टोकाला मोहरीएवढ्या कळ्या.

"बाबा या कळ्या चाचपतात. हाताला लागल्या की मन स्वच्छ, नाही लागल्या की मत्सर. फूल गळलं तरी हा देठ वाळलेला नसतो, वेल पुढच्या वेळी त्याच्यावरच कळ्या धरते. धाकट्या वहिनी आळसानं तो कापत नाहीत, थोरल्या टापटिपीनं कापून टाकतात. आणि तुम्ही चाटलात तो फुलातला मध. किड्यांना बोलवायला फूल तो आपणहून सोडतं, बाबा असोत नसोत."

अश्रद्धांपुढे लहरी थांबतात असं काहीतरी पुटपुटत बाबानं झोळी उचलली. या वेळी जिन्यात त्याला कुणी वाट करून दिली नाही, अंग चोरून उतरावं लागलं.

थोरली सगळ्यांसमोर म्हणाली, "मी जळते हे खरं आहे. आत्ताही जळतेय. पण वेलीला ते कळत नाही. आणि सुईलाही कळत नाही."

धाकटी आत गेली, भाचीचं कापड घेऊन आली आणि तिच्या हातात ठेवत म्हणाली, "जाऊबाई, शिवाल ना?"

थोरलीनं देठ कापणं सोडलं आणि पुढच्या उन्हाळ्यात तिच्या वेलीवर झुबके आले. धाकटीच्या वेलीवर त्याहून जास्त आले. थोरलीनं ते गुपचूप मोजले आणि दिवसभर जळफळत राहिली, आणि तिची वेल खुशाल फुलत राहिली. तेव्हा आपल्या मनाचं काय करायचं ते ज्याचं त्यानं बघावं. पण कुणी पानाखाली बोटं घालून तुमच्या मनाचा निकाल सांगू लागला, तर आधी ते पान उलटून बघा.