नुसत्या गाजराची गोडी

मुंगी एकटीच होती. शेगडीच्या पायाशी जिथे पाकाचा थेंब सांडून वाळला होता तिथे ती थांबली, मिशा हलवल्या — आणि विनायकने ओल्या फडक्याने थेंबही पुसला, मुंगीही पुसली. मग फडकं नाकाशी नेऊन हुंगलं. वेलची! मेला वेलचीचा वास काही केल्या जात नाही... त्याने फडकं साबणाने धुतलं, पिळलं, खिडकीच्या गजावर टाकलं, आणि आपण काय करतोय हे ध्यानात येऊन तसाच उभा राहिला. पासष्टी उलटलेला माणूस, पेन्शनर, सोसायटीच्या कमिटीवरचा. बायको देवळात गेली की स्वयंपाकघरातले डाग पुसत फिरतो.

सकाळी सुमतीने नेहमीप्रमाणे त्याच्या बोटाला सुई टोचली होती. रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला, यंत्राकडे बघितलं. दुसरं बोट पुढे करायला लावलं. पुन्हा बघितलं. "यंत्रच बिघडलं असेल," म्हणाली, पण तिचा आवाज त्या यंत्रावर रागावलेला नव्हता, भ्यालेला होता. आणि तो — शहाणा! — वर मान हलवून म्हणाला, "बॅटरी संपत आली असेल." बॅटरी! काय पण जीभ आहे, कुठेही चालते.

टेबलावर ड्रायर घरघरत होता. पुण्याहून मुलाने, विश्वजीतने पाठवलेला. एकावर एक जाळीचे ट्रे आणि खालून गरम वारा. "बाबा, गोड खावंसं वाटलं की भाज्या वाळवून खा. गाजर, बीट, लाल भोपळा. त्यांची त्यांना गोडी असते." असते, कोण नाही म्हणतंय? पहिल्या खेपेला त्याने खरोखरच नुसती गाजरं वाळवली होती. सोलून, चकत्या करून, उकळत्या पाण्यातून काढून, अगदी सांगितलं तसं. चावली तर चामड्यासारखी चिवट आणि चव ओल्या पुठ्ठ्याची. दुसऱ्या खेपेला वाटलं, चमचाभर साखर भुरभुरवली तर काय आभाळ कोसळणार आहे? तिसऱ्या खेपेपासून पाकच. पातळसर, वेलची घातलेला, चार थेंब लिंबाचे. त्यात चकत्या रात्रभर मुरवायच्या, सकाळी निथळून ट्रेवर मांडायच्या. मुंग्या येऊ नयेत म्हणून खाली पाण्याची ताटली, वर झाकण, आणि सुमतीने विचारलंच तर "भिजत घातलीत गं". बाहेरून चकाकत्या, आतून मऊ... आठवणीनेसुद्धा तोंडाला पाणी सुटलं, आणि त्या पाण्याचीच त्याला शरम वाटली.

साखरेची पिशवी माळ्यावर, ड्रायरच्या रिकाम्या खोक्यात. नोकरीत असताना जासईच्या कंटेनर यार्डात त्याचं कामच होतं ते — कागदावर लिहिलंय एक आणि खोक्यात निघतंय दुसरं, हे पकडायचं. किती एजंटांना त्याने घाम फोडला होता! "माल दडवता येतो हो, तोंड दडवता येत नाही," असं म्हणायचा, मोठ्या तोऱ्यात. आज ते एजंट आले तर पोट धरून हसतील.

सुमतीने एकदा विचारलंही होतं, "साखर नाही ना घालत?" "छे!" किती सहज आलं ते 'छे'... वर पुस्तीही जोडली, "वाळलं की गोडी वाढते, शास्त्र आहे ते." तिने विश्वास ठेवला. विश्वास ठेवला म्हणजे काय, अभिमानाने सगळीकडे सांगत सुटली. समोरच्या फ्लॅटमधली वल्लरी मुलाच्या डब्यात त्या चकत्या द्यायला लागली. "काका, दुकान काढा!" म्हणते. गेटवर भाजी विकायला कोन गावाहून येणारी हौसा काल म्हणाली, "काय काका, घरात ससं पाळलंय का तुमी? येवढी गाजरं तर लग्नाच्या घरात पण नाय लागत!" सगळे हसले. तोही हसला. सुमती त्या चकत्यांना हात लावायची नाही. "तुमची गोडाची तलफ भागवायला आहेत त्या, तुमच्यातलं मी कशाला खाऊ?" ती खात नव्हती म्हणूनच तर ते खोटं इतके दिवस सोसलं. कुणाचं काय बिघडत होतं? बिघडलं तर माझं, माझ्या रक्ताचं...

पण तिचा नवस होता.

त्याच्या पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली होती तेव्हाचा. डॉक्टर अंगठा काढावा लागेल म्हणाले होते, कदाचित पाऊलही, आणि सुमतीने हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये उभं राहून, बंद लिफ्टकडे तोंड करून कुलदेवीला हात जोडले — यांची साखर ताळ्यावर येऊन टिकेपर्यंत मी साखर-गूळ जिभेवर ठेवणार नाही. अंगठा वाचला. तिने साखर सोडली ती सोडली. आणि कुणी? जिने आयुष्यभर श्रीखंडाचं भांडं बोटाने पुसून खाल्लं, पुरणाचा गोळा हळूच तोंडात टाकून वर "मीठ बघत होते" म्हणून सांगितलं, तिने! नातीच्या बारशाचा पेढा कपाळाला लावून तिने शेजारणीच्या हातावर ठेवला. सत्यनारायणाचा प्रसाद नाकारायचा कसा, म्हणून हातात घेते, डोळ्यांना लावते, आणि कुणातरी पोराला देऊन टाकते. लोकांना वाटतं, मोठी निष्ठा. लोकांना काय माहीत, प्रसाद दिल्यावर ती बोटं किती वेळ हुंगते... मी बघितलंय. मी बघितलंय आणि घरी येऊन पाक केलाय.

दार वाजलं. सुमती देवळातून आली. कपाळावर ओलं कुंकू, चेहरा काहीतरी ठरवून आल्यासारखा. तिने पानं घेतली, दुधीची भाजी वाढली, ज्वारीची भाकरी मोडून त्याच्या ताटात ठेवली आणि स्वतः न जेवता समोर बसली.

"अहो, मी एक ठरवलंय."

"काय?"

"माझंच चुकतंय कुठेतरी. साखर सोडते म्हटलं देवीला, आणि केळी, चिकू, पपई हाणत बसले. गोड ते गोडच ना? पळवाटच झाली की ती! तिला काय कळत नाही? म्हणून तुमची शुगर वर गेली."

"सुमती, असं काही नसतं गं..."

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही बिचारे सकाळी उठून कारल्याचा रस पिता, भात सोडलात, चालायला जाता. तुमच्या बाजूने काही कमी नाही. मग कमी कुणाच्या बाजूने? माझ्याच. सोमवारपासून फळंही बंद."

बिचारे! त्याने हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. पाणी प्यायला. आता बोल. आत्ताच बोल, सोपं आहे — सुमती, तुझं काही चुकलं नाही, मी चोर आहे. वाक्य तयार होतं, जिभेपर्यंत आलं होतं, आणि सकाळपासून कुठेही चालणारी ती जीभ नेमकी आता दगड झाली. ती रागावेल याची भीती नव्हती. रागावली तर बरंच होईल. ती रागावणार नाही, नुसती बघेल, आणि तिने सोडलेला एकेक घास तिच्या डोळ्यांसमोरून जाईल... ते बघायची त्याची छाती नव्हती.

सुमती उठली. ओट्यावरचा चकत्यांचा डबा घेऊन आली. झाकण उघडलं.

"म्हटलं सोमवारपासून ही गोड गाजरंही मला बंदच, तर आज एक चकती खाऊन बघू. सगळी सोसायटी खाते आणि घरची मीच तेवढी राहिले!"

"अगं, नको—"

"का? एवढी काय संपणार आहेत!" ती हसली. "कंजूस मेले."

तिने चकती तोंडात टाकली. तो उठला होता अर्धवट, एक हात टेबलावर, पेल्यातलं पाणी हिंदकळलेलं. तिचे दात चकतीत रुतले. हसू थांबलं. तिने चावणंही थांबवलं, आणि त्याला वाटलं, कळलं! सुटलो. आता ती थुंकेल, विचारेल, आणि मी नाही म्हणणार नाही, देवाशपथ नाही म्हणणार...

"अगं बाई," सुमती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "गाजरात इतकी गोडी असते?"

त्याने तोंड उघडलं.

"बघा, देवीनेच सोय केली. नवसही मोडला नाही आणि गोडही मिळालं." तिने दुसरी चकती घेतली. डोळे मिटले. गाल आत ओढून ती चकती जिभेवर फिरवत होती, कुठेच घाई नव्हती, श्रीखंडाच्या भांड्यावर वाकलेल्या त्या जुन्या सुमतीसारखी. आणि तिच्या मिटल्या पापणीच्या कडेला पाणी आलं. "विसरलेच होते हो मी," ती म्हणाली.

एकदा डोळे उघड. माझ्या तोंडाकडे बघ, सुमती, सगळं तिथे लिहिलंय, तुला विचारावंसुद्धा लागणार नाही... आयुष्यात पहिल्यांदा त्याला पकडलं जायचं होतं. आणि त्याच वेळी, त्याच छातीत, तिला असं खाताना बघून त्याला आनंद होत होता — खरा, निर्लज्ज आनंद, गेल्या कित्येक दिवसांत झाला नव्हता इतका. त्या आनंदाचं काय करायचं ते त्याला कळेना. चोरीची लाज वाटून घेता येते. याची कशी घ्यायची?

ती डोळे उघडत नव्हती. तिसरीसाठी तिचा हात टेबलावर चाचपडत होता, डबा तिला सापडत नव्हता, आणि त्याने — कशाला त्याच्यावर ढकलू, मीच — तो डबा हळूच तिच्या हाताजवळ सरकवला.