न घेतलेली भाकर

ज्याचे अस्तित्व मी मानत नव्हतो, त्याचाच मला मत्सर वाटत होता. वजनकाटे तपासून देणाऱ्या माणसाला ही विसंगती शोभत नाही, हे कळत होते. मत्सर त्याने कमी झाला नाही.

आमची चिमी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दगावली. शस्त्रक्रियेचा आग्रह माझा होता. बायकोला लेकीला घरी न्यायचे होते. दवाखान्याच्या जिन्यात ती म्हणाली, "तुम्ही मारलंत तिला." त्यानंतर आमच्यात दूध, किल्ल्या आणि विजेचे बिल एवढेच विषय उरले. बाकी सारे ती तिच्या देवाला सांगे. भिंतीपलीकडून तिची प्रार्थना ऐकू येई: कुजबुज, हुंदके, मध्येच चक्क हसू. माझ्या वाट्याला "दूध संपलंय."

दर रविवारी मी तिला चर्चपाशी सोडून गाडीत थांबे. बाहेर येताना तिचा चेहरा निवळलेला असे, आणि संशयी नवरा बायकोचा पदर तपासतो तसा मी तो तपासत असे.

एकदा राहवले नाही. आत शिरलो. घंटा वाजवणारे म्हातारे काका मागच्या बाकावर सरकले. "बसा, जावईबापू. बाक चावत नाही."

प्रभुभोजन सुरू झाले. माणसे रांगेने पुढे जाऊन भाकरीचा तुकडा घेऊ लागली. ती सर्वांत पुढे असेल, अशी माझी खात्री होती. ती जागची हलली नाही.

"बरं नाही का तिला?"

"लेकरू गेल्यापासून घेत नाही," काका म्हणाले. "कुणाशी वाकडं असेल तर आधी मिटवून यायचं, मग इथे हात पुढे करायचा."

"कुणाशी वाकडं आहे?"

"ते तुम्ही मला विचारताय?"

ज्याने तिला पळवले असे मी धरून चाललो होतो, तो तिला दर रविवारी रिकाम्या हाताने माझ्याकडेच परत पाठवत होता. मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसलो.

"तुम्ही? इथे?"

"बाक चावत नाही म्हणे."

ती हसता हसता थांबली. "जिन्यात बोलले ते मला रोज टोचतं. तुम्ही तिला वाचवायला निघाला होतात. तेव्हाही कळत होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तोंड उघडत नव्हतं. तेवढं बळ दे, हेच तर रोज मागत होते."

"आणि प्रार्थनेत हसायचीस ते?"

"तुम्ही भिंतीवर चिमीची उंची मोजायचात, ती टाचा उचलायची. तुम्हाला दिसायचं. तरी खूण वरच करायचात."

मोजमापात मी जाणूनबुजून केलेली ती एकमेव चूक. ती कुणाच्या लक्षात आली असेल, असे मला वाटले नव्हते.

"ती मला पुन्हा भेटणार आहे," बायको म्हणाली. "तुम्हाला नसेल पटत. नुसतं जवळ बसा."

"बसतो."

रांग संपत आली होती. पर्स माझ्या मांडीवर ठेवून ती पुढे गेली. परतली तेव्हा तिच्या ओठावर चुरा होता. मत्सर अजून थोडा शिल्लक होता, हे नमूद केले पाहिजे. मी सरकून तिला जागा करून दिली.